ग्रीव्ह्‌ज, जिमी

(२० फेब्रुवारी १९४०–१९ सप्टेंबर २०२१). इंग्लंडचा विख्यात व्यावसायिक फुटबॉलपटू. संपूर्ण नाव जेम्स पीटर ग्रीव्ह्‌ज. आघाडीच्या फळीतील खेळाडू म्हणून त्याने इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या लीग स्पर्धेत ५१६ सामन्यांत ३५७ गोल केले. ही गोलसंख्या त्या श्रेणीच्या इतिहासात अन्य कोणासही गाठता आलेली नाही. यांपैकी १२४ गोल त्याने चेल्सी या संघाकडून, वयाच्या सतराव्या ते एकविसाव्या वर्षांच्या दरम्यान केले. एका अल्पवयीन खेळाडूच्या असामान्य गुणवत्तेची ही हकीकत तर आहेच. शिवाय इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंचे वेतन व त्यांचे संघांशी असलेले करार ज्या काळात आमूलाग्र बदलले, त्याच काळात ही कारकीर्द घडली. त्यामुळे तिचा विचार त्या पार्श्वभूमीवरच करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९५५ ते १९६१ या पूर्वकारकीर्दीचा परामर्श घेतला आहे.

पूर्ववृत्त : ग्रीव्ह्‌जचा जन्म लंडनच्या पूर्वेकडील मॅनर पार्क या वस्तीत एका श्रमिक कुटुंबात झाला. त्याचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत गेले. युद्धकाळात त्याचे कुटुंब डॅगनम येथे राहत होते. पुढे ते लंडनच्या सीमेवरील हेनॉल्ट येथे स्थायिक झाले. वडील लंडनच्या भुयारी रेल्वेत नोकरीस होते. युद्धोत्तर काळातील पूर्व लंडनमध्ये मुलांना खेळण्यासाठी मोकळी मैदाने, रस्ते व बाँबहल्ल्यात पडलेल्या घरांच्या जागा यांवाचून दुसरे स्थान नसे. अशा अरुंद व ओबडधोबड जागेत चेंडू पायाशी घट्ट ठेवून पुढे नेण्याची सवय त्या पिढीतील अनेक खेळाडूंना लागली. ग्रीव्ह्‌जच्या खेळातील चपळ वळणे व आखूड पावले यांचे मूळ या सवयीतच असावे. शालेय संघातून खेळताना त्याने एवढे गोल केले, की लंडनमधील अनेक व्यावसायिक संघांचे लक्ष त्याच्याकडे वेधले. हेनॉल्टपासून टॉटनम हॉट्स्पर या संघाचे मैदान फारसे दूर नव्हते आणि तो तिकडेच जाईल, असा अनेकांचा कयास होता. तथापि चेल्सीच्या खेळाडू-शोधकाने त्याला व त्याच्या वडिलांना राजी केले आणि १९५५ मध्ये, शाळा सोडताच, तो चेल्सीत दाखल झाला.

चेल्सीतील उमेदवारी : ग्रीव्ह्‌जने संघात प्रवेश केला त्याच वर्षी चेल्सीने आपल्या इतिहासातील पहिले लीग विजेतेपद मिळविले होते. संघाचा व्यवस्थापक टेड ड्रेक हा स्वतः पूर्वी आर्सेनल व इंग्लंड यांचा आघाडीचा खेळाडू होता. १९३५ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध एकाच लीग सामन्यात सात गोल करण्याचा पराक्रम त्याच्या नावावर जमा होता. बाहेरून महागडे खेळाडू विकत घेण्यापेक्षा शाळकरी वयातील मुले निवडून त्यांना संघातच घडवावे, असे ड्रेकचे धोरण होते. विजेतेपद मिळविणारे खेळाडू वयस्क होत चालल्याने त्यांच्या जागी ही तरुण मुले उभी करण्याचा त्याचा प्रयत्न होता. वृत्तपत्रांनी या मुलांना ‘ड्रेकची बदकपिल्ले’ असे गमतीने संबोधिले. ड्रेक या इंग्रजी शब्दाचा अर्थ नर बदक असा असल्याने हा श्लेष रूढ झाला.

उमेदवार खेळाडूंना त्याकाळी केवळ खेळाचेच शिक्षण मिळत नसे. मैदानाची झाडलोट, ज्येष्ठ खेळाडूंचे बूट साफ करणे, कार्यालयातील किरकोळ कामे करणे हाही त्यांच्या दिनक्रमाचा भाग असे. ग्रीव्ह्‌जही या चाकोरीतून गेला. १९५६-५७ च्या हंगामात त्याने चेल्सीच्या युवक संघाकडून निरनिराळ्या स्पर्धांत मिळून ११४ गोल केले. युवक सामन्यांचा दर्जा विषम असतो व अशा संख्यांना फार महत्त्व देऊ नये, हे खरे. तरीही ही संख्या इतकी मोठी होती, की त्याला ज्येष्ठ संघात घेण्याचा प्रश्न पुढे ढकलणे ड्रेकला शक्य राहिले नाही. १९५७ मध्ये वयाची सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याने व्यावसायिक खेळाडू म्हणून करारावर स्वाक्षरी केली.

लीगमधील पदार्पण : २४ ऑगस्ट १९५७ रोजी टॉटनमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर ग्रीव्ह्‌ज आपला पहिला लीग सामना खेळला. त्यावेळी त्याचे वय साडेसतरा वर्षांचे होते. सामना १–१ असा बरोबरीत सुटला व चेल्सीचा गोल त्यानेच केला. ज्या संघात जाण्याचे त्याने दोन वर्षांपूर्वी टाळले होते, त्याच संघाविरुद्ध व त्याच्याच मैदानावर हे पदार्पण झाले. पुढे याच मैदानावर त्याची कीर्ती कळसास पोहोचावयाची होती. कोणत्याही संघाकडून पहिला सामना खेळताना गोल करण्याची त्याची ख्याती येथपासून सुरू झाली.

पदार्पणातील यशानंतर त्याच्याभोवती वृत्तपत्रीय प्रसिद्धीचे वलय निर्माण झाले. कोवळ्या वयात हा भार असह्य होईल, या विचाराने ड्रेकने हंगामाच्या मध्यास त्याला काही आठवडे संघाबाहेर ठेवले. १९५७ च्या नाताळच्या दिवशी पोर्ट्‌स्मथविरुद्धच्या सामन्यात तो परतला. चेल्सीने हा सामना ७–४ असा जिंकला व त्यांतील चार गोल ग्रीव्ह्‌जने केले. या पहिल्या हंगामात ३५ लीग सामन्यांत त्याचे २२ गोल झाले.

दुसऱ्या हंगामाच्या प्रारंभी, ३० ऑगस्ट १९५८ रोजी, स्टॅम्फर्ड ब्रिज या चेल्सीच्या मैदानावर वुल्व्हरहँप्टन वाँडरर्स हा विद्यमान लीगविजेता संघ आला. त्याच्या बचावफळीचे नेतृत्व इंग्लंडचा कर्णधार बिली राइट याच्याकडे होते. चेल्सीने हा सामना ६–२ असा जिंकला आणि त्यात एकट्या ग्रीव्ह्‌जचे पाच गोल होते. देशातील सर्वांत अनुभवी बचावपटूला अठरा वर्षांच्या मुलाने वारंवार चकविल्याने या सामन्याची चर्चा दीर्घकाळ होत राहिली. तथापि एवढा पराभव होऊनही वुल्व्हरहँप्टननेच त्या हंगामाचे विजेतेपद राखले व चेल्सी चौदाव्या क्रमांकावर राहिला. एका खेळाडूची गुणवत्ता व संघाचे सामर्थ्य या दोन भिन्न बाबी होत, याचा प्रत्यय या दोन गोष्टींवरून येतो. त्या हंगामात ४२ पैकी ४२ लीग सामने खेळून ग्रीव्ह्‌जने ३२ गोल केले व सर्वोच्च श्रेणीतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून प्रथमच मान मिळविला.

खेळपद्धती : त्या काळात इंग्लंडमधील बहुतेक संघ ‘डब्ल्यू-एम’ या नावाने ओळखली जाणारी मांडणी अवलंबीत. या मांडणीत पाच आघाडीच्या खेळाडूंपैकी दोघे दोन्ही बाजूंच्या कडांनी व एक मध्यभागी पुढे राही. उरलेले दोन ‘इनसाइड फॉरवर्ड’ त्यांच्या किंचित मागे राहून मध्यफळी व आघाडी यांना जोडण्याचे काम करीत. ग्रीव्ह्‌ज या दोघांपैकी एक होता. मात्र सर्वसामान्य इनसाइड फॉरवर्डप्रमाणे मागे येऊन चेंडू मिळविण्याचे कष्ट तो क्वचितच घेई. त्याचा सहकारी व मध्य आघाडीचा खेळाडू रॉन टिंडल हा उंच असून डोक्याने चेंडू खेळविण्यात निष्णात होता. टिंडल बचावपटूंना आपल्याकडे खेचून घेई व चेंडू खाली सोडी. अशा वेळी निर्माण झालेल्या मोकळ्या जागेत ग्रीव्ह्‌ज अचूक क्षणी प्रवेश करी. हाच टिंडल उन्हाळ्यात सरे परगण्याकडून क्रिकेटही खेळत असे.

ग्रीव्ह्‌ज अंगापिंडाने लहानखुरा होता. तत्कालीन इंग्लिश आघाडीच्या खेळाडूंचा भर धडक देण्यावर व जोरकस फटके मारण्यावर असे. ग्रीव्ह्‌जचा मार्ग याहून निराळा होता. पहिल्या काही पावलांतच वेग घेण्याची क्षमता, चेंडू पायापासून फार दूर जाऊ न देता बचावपटूंच्या मधून वाट काढण्याचे कसब आणि गोलासमोर आल्यावर चित्ताची विलक्षण स्थिरता, ही त्याची मुख्य बलस्थाने होत. बहुसंख्य खेळाडू गोलरक्षकासमोर एकटे आल्यावर घाई करतात व जोराचा फटका मारतात. ग्रीव्ह्‌ज मात्र गोलरक्षकाने प्रथम हालचाल करण्याची वाट पाही व त्यानंतर जी बाजू मोकळी होई तीत चेंडू अलगद ढकली. गोलजाळ्यात चेंडू सरकवणे असेच त्याच्या कृतीचे वर्णन करावे लागते. पावसाळी हवेमुळे चिखलमय होणारी मैदाने, पाणी शोषून जड होणारा कातडी चेंडू आणि पाठीमागून पाय घालणाऱ्या बचावपटूंकडे पंचांचे असणारे दुर्लक्ष, ही त्या काळची परिस्थिती लक्षात घेता, केवळ चापल्य व अचूकता यांच्या बळावर मिळविलेले हे यश अधिकच उठून दिसते. जायबंदी खेळाडूऐवजी राखीव खेळाडू उतरविण्याची मुभाही इंग्लिश लीगमध्ये १९६५ पर्यंत नव्हती.

चेंडू आपल्याकडे नसताना तो सामन्यातून जणू अदृश्य होई, अशी टीका त्याच्यावर होई व ती सर्वस्वी निराधार नव्हती. सराव व धावण्याच्या कंटाळवाण्या कवायती यांविषयी त्याला मनापासून प्रेम नव्हते. तथापि अदृश्य होणे हाही त्याच्या कौशल्याचाच एक भाग होता. बचावपटूंचे लक्ष त्याच्यावरून ढळले की गोलासमोरील मोकळी जागा त्याला सापडे.

गोल व पराभव : चेल्सीच्या या चार हंगामांची आकडेवारी बोधप्रद आहे. १९५७-५८ मध्ये चेल्सीने ८३ गोल केले व त्याच्यावर ७९ झाले. १९५८-५९ मध्ये हे प्रमाण ७७ व ९८, १९५९-६० मध्ये ७६ व ९१, तर १९६०-६१ मध्ये ९८ व १०० असे होते. लीगमधील २२ संघांत चेल्सीचे स्थान अनुक्रमे अकरावे, चौदावे, अठरावे व बारावे होते. म्हणजे चार हंगामांत संघाने केलेल्या ३३४ गोलांपैकी १२४, अर्थात तिसऱ्या हिश्शाहून अधिक, ग्रीव्ह्‌जने एकट्याने केले. परंतु याच काळात संघाने ३६८ गोल स्वीकारले. ड्रेकच्या धोरणातून आघाडीचे खेळाडू घडले, पण त्यांच्यामागे तितकीच समर्थ बचावफळी उभी राहू शकली नाही.

याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे डिसेंबर १९५९ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध झालेला सामना होय. चेल्सीने तो ५–४ असा जिंकला व चेल्सीचे पाचही गोल ग्रीव्ह्‌जने केले. म्हणजेच त्याने चार गोल केले असते, तरीही विजय मिळाला नसता. पुढील वर्षी डिसेंबरमध्ये वेस्ट ब्रॉमिच आल्बियनविरुद्ध ७–१ अशा विजयात त्याने पुन्हा पाच गोल केले. याउलट जानेवारी १९६१ मध्ये एफ. ए. चषक स्पर्धेत चौथ्या श्रेणीतील क्रू अलेग्झांड्रा या संघाने चेल्सीला त्याच्याच मैदानावर २–१ असे हरविले. विजय व मानहानी यांचा असा खेळ सतत चालू राहिल्याने ग्रीव्ह्‌जच्या मनात निराशा साचत गेली. यातच १९६० मध्ये त्याचा तान्हा मुलगा न्यूमोनियाने दगावला. या आघातानंतर लंडन सोडून अन्यत्र जावे, असा विचार त्याच्या व त्याच्या पत्नीच्या मनात बळावला.

मात्र मैदानावरील त्याच्या कामगिरीवर याचा परिणाम दिसला नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध तीन गोल करून त्याने लीग सामन्यांतील आपली शंभरी गाठली. वयाची एकविशी पूर्ण होण्यापूर्वी हा टप्पा गाठणारा तो पहिलाच खेळाडू होय. १९६०-६१ च्या हंगामात ४० लीग सामन्यांत त्याने ४१ गोल केले. एका हंगामातील लीग गोलांचा चेल्सीचा हा विक्रम पुढे अबाधित राहिला. एका सामन्यात तीन वा अधिक गोल करण्याची कामगिरी त्याने चेल्सीकडून १३ वेळा बजावली.

आंतरराष्ट्रीय सामने : सप्टेंबर १९५७ मध्येच ग्रीव्ह्‌जची इंग्लंडच्या २३ वर्षांखालील संघात निवड झाली. या संघाकडून त्याने १२ सामन्यांत १३ गोल केले. १९५९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा ज्येष्ठ संघ अमेरिका खंडाच्या दौऱ्यावर गेला. १७ मे १९५९ रोजी लीमा येथे पेरूविरुद्ध ग्रीव्ह्‌जने पदार्पण केले. इंग्लंडने हा सामना १–४ असा गमावला व इंग्लंडचा एकमेव गोल ग्रीव्ह्‌जचा होता.

त्यावेळी इंग्लंडच्या संघाची निवड व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम याच्या एकट्याच्या हाती नसून ती एका समितीमार्फत होई. दर सामन्यास संघात फेरबदल होत असल्याने खेळाडूंत मेळ बसणे कठीण जाई. १९६०-६१ मध्ये मात्र जवळजवळ एकच संघ कायम ठेवण्यात आला. कर्णधार जॉनी हेन्स मध्यफळीतून लांब व अचूक पास देई आणि ग्रीव्ह्‌ज त्या पासांवर धावून जाई, अशी त्या संघाची प्रमुख चाल होती. या काळात लक्सेंबर्गचा ९–० असा, स्पेनचा ४–२ असा व वेल्सचा ५–१ असा पराभव इंग्लंडने केला. १५ एप्रिल १९६१ रोजी वेम्ब्ली येथे स्कॉटलंडविरुद्ध मिळालेला ९–३ हा विजय या मालिकेचा कळस होय. या सामन्यात ग्रीव्ह्‌जने तीन गोल केले. मे १९६१ मध्ये रोम येथे इटलीविरुद्ध ३–२ असा विजय मिळाला, त्यातील निर्णायक गोलही त्याचाच होता.

वेतनमर्यादा व खेळाडूंचे करार : ग्रीव्ह्‌जच्या चेल्सी सोडण्याचे मर्म समजण्यासाठी तत्कालीन इंग्लिश फुटबॉलची आर्थिक रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. १९०१ पासून व्यावसायिक खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा घातलेली होती. प्रारंभी ही मर्यादा आठवड्यास ४ पौंड होती. ती क्रमाने वाढत जाऊन १९५८ मध्ये हंगामात २० पौंड व उन्हाळी सुटीत १७ पौंड इतकी झाली. विजय वा बरोबरीबद्दल लहानशी अधिक रक्कम मिळे. याचा अर्थ, हंगामात ३२ गोल करणारा ग्रीव्ह्‌ज आणि कमाल वेतन घेणारा एखादा सामान्य बचावपटू यांच्या मूळ वेतनात कोणताही फरक असू शकत नव्हता. सधन संघांनी अधिक पैसे देऊन सारेच गुणी खेळाडू पळवू नयेत व लहान संघही टिकून राहावेत, हे या मर्यादेचे समर्थन केले जाई. या युक्तिवादात काही तथ्य होते. परंतु त्याची किंमत केवळ खेळाडूंनाच मोजावी लागे. सामन्यांना जमणाऱ्या हजारो प्रेक्षकांच्या प्रवेशमूल्यातून त्यांच्या वाट्यास अत्यल्प भाग येई.

याच्या जोडीला ‘राखणे व हस्तांतर’ ही पद्धती होती. खेळाडूचा करार संपला, तरी त्याची नोंदणी संघाकडेच राही व संघाच्या अनुमतीवाचून त्याला अन्यत्र खेळता येत नसे. संघ मात्र त्याला दुसऱ्या संघाकडे मोठ्या रकमेस देऊ शके. अशा प्रकारे खेळाडूच्या कौशल्यास बाजारात किंमत होती, पण ती खेळाडूला नव्हे, तर संघाला मिळे. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल याच्या नेतृत्वाखाली या व्यवस्थेविरुद्ध चळवळ उभारली आणि जानेवारी १९६१ मध्ये संप पुकारण्याचा निर्धार केला. संपाच्या आधी काही दिवस तडजोड होऊन कमाल वेतनमर्यादा रद्द झाली. लवकरच फुलम या संघाने जॉनी हेन्स याला आठवड्यास १०० पौंड वेतन दिले. करारविषयक निर्बंध मात्र तत्काळ गेले नाहीत. न्यूकॅसल युनायटेड या संघाविरुद्ध जॉर्ज ईस्टम या खेळाडूने न्यायालयात दाद मागितली व १९६३ मध्ये लागलेल्या निकालात संघांची ‘राखण्या’ची पद्धती व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालणारी ठरविण्यात आली.

मिलानकडे प्रस्थान : इंग्लंडमधील खेळाडूंना या चौकटीबाहेर जाण्याचा एकच मार्ग खुला होता व तो म्हणजे परदेशी संघ. वेल्सचा जॉन चार्ल्स १९५७ मध्ये इटलीतील युव्हेंटस संघात गेला व तेथे त्याने संपत्ती व लोकप्रियता दोन्ही मिळविल्या. १९६१ मध्ये डेनिस लॉ व जो बेकर हे तोरीनो संघात, तर जेरी हिचेन्स हा इंटर मिलान संघात गेला. चेल्सीच्या चालकांनाही पैशाची निकड होती. ए. सी. मिलान या संघाशी ८० हजार पौंडांस ग्रीव्ह्‌जच्या हस्तांतराचा व्यवहार ठरला. खुद्द ग्रीव्ह्‌जला करारावर स्वाक्षरी केल्याबद्दल १५ हजार पौंड व त्याखेरीज आठवड्यास १४० पौंड वेतन मिळावयाचे होते. वेतनमर्यादेच्या काळात एका खेळाडूचे वर्षाचे उत्पन्न जेमतेम १ हजार पौंड होई. या हिशेबाने त्याच्या हस्तांतराची किंमत सुमारे ऐंशी वर्षांच्या वेतनाइतकी होती. त्याच्या श्रमाचे खरे मोल व त्याला मिळणारा मोबदला यांतील अंतर या एका तुलनेवरून स्पष्ट होते.

येथे काळाचा एक विपर्यास दिसून येतो. परदेशी जाण्याचे आकर्षण ज्या परिस्थितीत निर्माण झाले, ती २० पौंडांच्या मर्यादेची होती. प्रत्यक्षात ग्रीव्ह्‌ज जून १९६१ मध्ये मिलानचा खेळाडू झाला, तेव्हा ती मर्यादा उठून काही महिने लोटले होते. इंग्लंडमध्येच उत्तम वेतन मिळण्याची शक्यता दिसू लागल्यावर त्याचा उत्साह मावळला व करारातून सुटका करून घेण्याचा त्याने प्रयत्नही केला. परंतु मिलानने त्यास नकार दिला. २९ एप्रिल १९६१ रोजी चेल्सीकडून त्याने आपला अखेरचा सामना नॉटिंगॅम फॉरेस्टविरुद्ध खेळला. त्या दिवसापुरते संघाचे कर्णधारपद त्याला देण्यात आले होते. चेल्सीने हा सामना ४–३ असा जिंकला व चारही गोल ग्रीव्ह्‌जने केले. प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेऊन निरोप दिला. चेल्सीकडून सर्व स्पर्धांतील १६९ सामन्यांत त्याचे १३२ गोल झाले होते.

मिलानमधील त्याचा मुक्काम अल्पकाळच टिकला. तेथील प्रशिक्षक नेरेओ रॉक्को हा कडक शिस्तीचा पुरस्कर्ता होता. सामन्यापूर्वी खेळाडूंना कुटुंबापासून दूर शिबिरात ठेवणे, आहारविहारावर निर्बंध घालणे व नियमभंगाबद्दल दंड करणे ही तेथील रीत होती. लंडनच्या मोकळ्या वातावरणात वाढलेल्या ग्रीव्ह्‌जला ती जाचक वाटली व त्याला वारंवार दंड भरावा लागला. इटलीतील बचावप्रधान खेळातही त्याने थोडक्या लीग सामन्यांत ९ गोल केले. म्हणजे त्याचे अपयश मैदानावरचे नव्हते. परक्या देशातील जीवनाशी त्याला जुळवून घेता आले नाही, असेच म्हणावे लागते. मिलानने त्या हंगामाचे इटालियन विजेतेपद मिळविले, पण तोवर ग्रीव्ह्‌ज मायदेशी परतला होता. इकडे चेल्सीलाही त्याच्या जाण्याची झळ लागली. ड्रेकला १९६१ मध्येच पद सोडावे लागले आणि १९६१-६२ च्या अखेरीस तळाच्या क्रमांकावर राहून संघाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली.

पुनरागमन व उत्तरकाल : डिसेंबर १९६१ मध्ये टॉटनमचा व्यवस्थापक बिल निकल्सन याने ग्रीव्ह्‌जला ९९,९९९ पौंडांस मिळविले. एक लक्ष पौंडांचा पहिला खेळाडू या बिरुदाचे ओझे त्याच्यावर पडू नये, म्हणून निकल्सनने एक पौंड कमी ठेवला. १६ डिसेंबर १९६१ रोजी ब्लॅकपूलविरुद्ध पहिल्याच लीग सामन्यात ग्रीव्ह्‌जने तीन गोल केले. १९६२ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात बर्नलीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला. १९६३ मध्ये टॉटनमने आतलेतिको माद्रिदचा ५–१ असा पराभव करून युरोपीय चषकविजेत्यांचा चषक मिळविला. त्यात ग्रीव्ह्‌जचे दोन गोल होते. युरोपीय स्पर्धेत चषक जिंकणारा टॉटनम हा पहिला ब्रिटिश संघ होय. टॉटनमकडून त्याने एकूण २६६ गोल केले. हा संघविक्रम २०२३ मध्ये हॅरी केनने मोडला.

सर्वोच्च श्रेणीतील सर्वाधिक गोल करण्याचा मान ग्रीव्ह्‌जला एकूण सहा वेळा मिळाला. इंग्लंडकडून ५७ सामन्यांत त्याने ४४ गोल केले. १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध नडगीस जखम झाल्याने त्याची जागा जेफ हर्स्टला मिळाली. हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले व ग्रीव्ह्‌ज विजयाचा साक्षीदार तेवढा राहिला. त्या स्पर्धेचे पदक त्याला २००९ मध्ये, संघातील सर्वच खेळाडूंना पदके देण्याचा निर्णय झाल्यावर मिळाले. १९७० मध्ये तो वेस्ट हॅम युनायटेडकडे गेला व १९७१ मध्ये त्याने लीग फुटबॉलमधून निवृत्ती पतकरली. त्यानंतरची काही वर्षे मद्याच्या व्यसनात गेली. त्यावर निग्रहाने मात करून तो दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय भाष्यकार बनला. इटलीतील ९ गोल धरून युरोपातील पाच प्रमुख लीग स्पर्धांमधील त्याचे ३६६ गोल हा दीर्घकाळ विक्रम होता. २०१७ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्दो याने तो मोडला.

मूल्यमापन : ग्रीव्ह्‌जच्या कीर्तीची चर्चा बहुधा टॉटनममधील वर्षे व १९६६ चा हुकलेला अंतिम सामना यांभोवती फिरते. तथापि त्याच्या खेळाचे सर्व विशेष चेल्सीतील चार हंगामांतच पूर्णतेस पोहोचले होते, असे आकडेवारीवरून दिसते. पुढे त्याला अधिक समर्थ सहकारी लाभले, परंतु एका लीग हंगामातील ४१ गोलांची आपली संख्या त्याला स्वतःलाही पुन्हा गाठता आली नाही. या पूर्वकारकीर्दीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, सांघिक खेळात एकाच खेळाडूचे असामान्य यश संघाच्या मूलभूत उणिवा झाकू शकते, पण दूर करू शकत नाही. दुसरी म्हणजे, खेळाडूस त्याच्या गुणांचे मोल नाकारणारी व्यवस्था अखेरीस संघालाही त्या खेळाडूपासून वंचित करते. चेल्सीने ग्रीव्ह्‌जला विकून ८० हजार पौंड मिळविले. मात्र त्या रकमेतून त्याची जागा भरून निघू शकली नाही. वेतनमर्यादा आणखी काही वर्षे आधी उठली असती, तर त्याच्या कारकीर्दीचा पुढील भागही कदाचित स्टॅम्फर्ड ब्रिजवरच घडला असता.